पुस्तक मिटा, मग अभ्यासाला बसा: कोकणातून सीईटी देणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पेपरात तेच वाक्य असतं: राज्यात कोकण विभाग अव्वल. 2024 ला 97.51 टक्के, 2025 ला 96.74 टक्के. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जवळपास सगळी मुलं पास. वाडीत पेढे फिरतात. मग सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल येतो आणि बोर्डाला 85 टक्के मिळवलेल्या मुलाचा पर्सेंटाईल 52 निघतो, म्हणजे परीक्षा दिलेली जवळपास निम्मी मुलं त्याच्या पुढे. घरात पहिलं वाक्य उमटतं ते, "याला कोल्हापूरला क्लासला ठेवायला हवा होता."

मी देवगड तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. कोल्हापूरला जाऊन सुधारलेली मुलं पाहिली, आणि घरची दोन वर्षांची आंब्याची कमाई घालवून होती तशीच परत आलेलीही पाहिली. आमची मुलं अभ्यास कमी करत नाहीत. पहाटे उठतात, वाचतात, लिहितात. पण त्यांची जी पद्धत बोर्डाला चालून जाते, ती सीईटीला चालत नाही. ही पद्धत त्यांना आम्हीच शिकवलेली असते. पहिली काही वर्षं मीही "व्याख्या पाच-पाच वेळा लिहून आणा" असं सांगत होतो. मुलं आणायची, अक्षर सुंदर असायचं, आणि दोन आठवड्यांनी तीच व्याख्या विचारली की वर्ग छताकडे बघायचा.

खाली लिहिलंय ते बारावीच्या जूनपासून सुरू करायचं आहे. डिसेंबरात हा लेख हाती पडला असेल तरी चालेल, फक्त पत्रिकांची खोकी आणि चुकांची वही या पुढे सांगितलेल्या दोन गोष्टी आजच सुरू करा.

आधी परीक्षेचं माप घ्या

शिंपी कापड कापायच्या आधी माप घेतो. आमची मुलं मात्र प्रश्नपत्रिका कशी असते ते फेब्रुवारीत विचारतात.

पीसीएम गटाला पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्सचे 50 आणि केमिस्ट्रीचे 50 असे 100 प्रश्न, प्रत्येकी 1 मार्क. नंतरच्या 90 मिनिटांत मॅथ्सचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क. पीसीबी गटाला मॅथ्सच्या जागी बायोलॉजीचे 100 प्रश्न, प्रत्येकी 1 मार्क. एकूण 200 मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर आणि 80 टक्के बारावीवर. परीक्षा कॉम्प्युटरवर. मॅथ्सचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, बाकीचे विषय मराठीतूनही घेता येतात. धड्यांची यादी आणि तारखा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येतात. त्या दरवर्षी तिथूनच घ्यायच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नव्हे.

आता भागाकार करा. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला 54 सेकंद मिळतात, मॅथ्सच्या एका प्रश्नाला 108. बोर्डाच्या पेपरात तुम्ही सूत्राची सिद्धता मांडता, आकृती काढता, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क पदरात पडतात. इथे पायऱ्या बघायला कोणी बसलेलं नाही. 54 सेकंदांत सूत्र आठवलं पाहिजे, आकडे बसले पाहिजेत आणि पर्याय सापडला पाहिजे. म्हणजे ही परीक्षा आठवण्याची आहे, आणि आपण वर्षभर सराव करतो तो वाचण्याचा.

नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षाही देणार असाल तर तिथे 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 मार्क. बरोबरला 4 मिळतात, चुकीला 1 जातो. तो पेपर कागदावर असतो, गोळे रंगवायचे असतात. अभ्यासाची पद्धत दोन्हींना एकच, डाव वेगळा.

पुस्तक मिटून आठवणं

एक मुलगी होती. घर खाडीकाठी, वडील रापण ओढायचे. पहिल्या चाचणीचा पेपर हातात घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सगळा वाचलंय. तीन येळा वाचलंय. पेपरात कायच आठावला नाय." तिचं पुस्तक मी मागून बघितलं. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघांनी पान नुसतं रांगोळी झालेलं. पुस्तक मिटलं, पाठकोरा कागद दिला आणि म्हटलं, "ऑसिलेशन्सच्या धड्यात काय काय आहे ते लिही. आठवेल तसं, क्रम नको." दहा मिनिटांत चार ओळी झाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बाय, रडू नको. आज तुझा पहिला खरा अभ्यास झाला."

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री पाणमांजरांबद्दल. काहींनी उतारा चार पाळ्यांत नुसता वाचला. काहींनी एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. वर गंमत अशी, की आपल्याला सगळ्यात जास्त लक्षात राहील अशी खात्री होती ती वाचणाऱ्यांना. तीन वेळा वाचून "येतंय" असं वाटतं, ते या खात्रीमुळेच. ओळखीचा चेहरा आणि त्याचं नाव यांत जो फरक, तोच इथेही. बाजारात समोरून आलेला माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव विचारलं की तोंड उघडं राहतं.

तर रोजचा अभ्यास असा करा.

कॉलेजातून आलात, जेवलात. आज जो भाग शिकवला तो एकदा वाचा, सावकाश, पेन न घेता. वीस-पंचवीस मिनिटं. मग पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवा. हाताशी असलं की हात जातोच. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा: सूत्रं, आकृती, कुठलं अक्षर कशासाठी, कुठली अट. अडलात तरी दोन-तीन मिनिटं अडूनच बसा. ती तगमग वाया जात नाही, विहिरीत बादली खाली सोडताना जेवढा दोर लागतो तेवढा लागतो. नंतर पुस्तक आणा, आणि जे सुटलं तेवढंच लाल पेनाने त्याच कागदावर भरा. हा लाल भाग म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास. काळ्या शाईतलं परत वाचू नका.

पहिले पंधरा दिवस हे जड जाईल. एरवी तासात दहा पानं "होत" होती, आता चारच होतात. घरचे विचारतील, हा नुसता बसून काय करतो. सांगा त्यांना, आठवतोय.

पत्रिकांची खोकी

आठवलेलंही विसरतंच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच अर्थहीन अक्षरं पाठ करायला लावून विसरण्याची मोजदाद केली आणि 1885 साली ती मांडली. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. दर वेळी विसरायच्या जरा आधी आठवून काढलं की पुढच्या वेळी ते जास्त दिवस टिकतं. म्हणून एका बैठकीत पाच वेळा घोकण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी एकेकदा आठवणं भारी.

यासाठी बाजारात कार्डं मिळतात, पैसे घालवू नका. कोकणातल्या प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. जाड कागद आणि मागची बाजू कोरी. एका पत्रिकेचे चार तुकडे करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एका तुकड्यावर एकच गोष्ट. "थर्मोडायनॅमिक्सची सगळी सूत्रं" हा प्रश्न नव्हे. "ॲडिआबॅटिक प्रक्रियेत पी आणि व्ही यांचा संबंध काय?" हा प्रश्न.

चपलांची तीन खोकी घ्या. नवीन पत्रिका पहिल्या खोक्यात, ते रोज काढायचं. उत्तर बरोबर आलं की पत्रिका दुसऱ्या खोक्यात, ते दर तिसऱ्या दिवशी. तिथेही आली की तिसऱ्यात, ते रविवारी. कुठेही चुकली की सरळ परत पहिल्यात, दयामाया नाही. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर याने 1972 मध्ये लोकांपुढे आणली, त्याची खोकी पाच होती. मी तीनवर आणली, कारण चौथं-पाचवं कोणी उघडतच नाही.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. ही पंधरा मिनिटं एसटीत काढा. आमच्याकडे तास-तास प्रवास करून येणारी मुलं आहेत. हलत्या गाडीत वाचलं की डोकं धरतं, पण एक पत्रिका बघून खिडकीबाहेर पाहत आठवायला काही होत नाही. एका मुलाने तर कंडक्टरकाकांनाच पत्रिका धरायला लावल्या होत्या. काकांना बेंझिनचं सूत्र अजून पाठ आहे.

गणितं मिसळा

गाईडमध्ये एका प्रकारची वीस गणितं एकाखाली एक असतात. पहिली तीन सोडवली की उरलेली सतरा हात आपोआप करतो, डोकं झोपलेलं. परीक्षेत मात्र कुठलं सूत्र लावायचं हेच ओळखायचं असतं, आणि नेमका तोच सराव झालेला नसतो.

रोरर आणि टेलर यांनी 2007 साली हे मोजून दाखवलं. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एका गटाने एकेक प्रकार संपवत सराव केला, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून. सरावात पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरं बरोबर, मिसळणाऱ्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिला गट 20 टक्क्यांवर आणि मिसळणारे 63 वर.

म्हणून धडा नवीन असताना पाच-सहा गणितं सलग करा, हात बसू द्या. त्यानंतर त्या धड्याचं गणित कधीही एकटं सोडवायचं नाही. बारावीच्या फिजिक्सचे 16 धडे आहेत. प्रत्येकातली काही गणितं आकडे घालून चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका आणि रोज दहा चिठ्ठ्या उचला. चुका वाढतील. वाढू द्या.

चुकांची वही

माझ्या मते या लेखातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हेच. मुलं सराव पेपर सोडवतात, मार्क मोजतात, "118 आले" म्हणतात आणि पुढचा पेपर उघडतात. पेपर सोडवायला तीन तास दिलेत, तर तो तपासायला किमान दोन तास द्यायला हवेत. शिकणं त्या दोन तासांत होतं.

दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक चुकीला अर्धं पान. नुसतं बरोबर उत्तर उतरवायचं नाही, आपण चुकीच्या उत्तरापर्यंत कसे पोचलो ते लिहायचं. एक नोंद दाखवतो, वर सांगितलेल्या त्याच मुलीच्या वहीतली.

प्रश्न असा: साध्या लंबकाची लांबी 44 टक्क्यांनी वाढवली, तर आवर्तकाल किती टक्क्यांनी वाढेल? तिने 22 ला टिक केली होती. वहीत लिहिलं: "आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या पटीत बदलतो हे आठवलं. वर्गमूळ म्हणजे निम्मं, म्हणून 44 च्या निम्मे 22. पण निम्मं करायची युक्ती बदल अगदी छोटा, एक-दोन टक्के असेल तेव्हाच चालते. इथे लांबी 1.44 पट झाली, वर्गमूळ 1.2, म्हणजे वाढ 20 टक्के. 22 हा पर्याय माझ्यासाठीच लावलेला होता."

शेवटचं वाक्य बघा. पेपर काढणारा मुलं कुठे घसरतात ते ओळखून पर्याय देतो. अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की तुम्हाला सापळा लांबूनच दिसायला लागतो.

प्रत्येक नोंदीला समासात एक अक्षर द्या. मा म्हणजे माहीतच नव्हतं, वि म्हणजे विसरलो, वा म्हणजे वाचण्यात चूक, आ म्हणजे आकडेमोड, वे म्हणजे वेळ संपला. महिनाअखेरीला अक्षरं मोजा. "मा" जास्त असतील तर धडा परत शिका, कोणाकडून तरी समजून घ्या. "वि" जास्त असतील तर पत्रिका वाढवा. "वा" जास्त असतील तर, माझा अनुभव, अडचण विषयात नसून इंग्रजीत असते.

इंग्रजीचा अडसर

दहावीपर्यंत "त्वरण" आणि "संवेग" शिकलेलं मूल अकरावीत एकदम ॲक्सिलरेशन आणि मोमेंटमवर येतं. हुशार मुलंही दिवाळीपर्यंत गोंधळलेली असतात आणि लाजून विचारत नाहीत. वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखा: इंग्रजी शब्द, पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द, आणि आपल्या घरच्या भाषेतलं एक वाक्य. "इनर्शिया: जडत्व: होडी वल्हं थांबवल्यावरपण पुढे सरकत ऱ्हवता." तिसरा रकाना सोडू नका, अर्थ तिथेच बसतो.

प्रश्नातले "नॉट", "इनकरेक्ट", "एक्सेप्ट", "लीस्ट" हे शब्द दिसले की सरावात कच्च्या कागदावर तो शब्द लिहून त्याभोवती गोल करायची सवय लावा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अधोरेखित करता येत नाही, आणि हाताने लिहिल्याखेरीज डोळा तो शब्द ओलांडून जातो. मराठीतून पेपर घ्यायचा की इंग्रजीतून, हे दिवाळीपर्यंत ठरवा आणि सराव त्याच भाषेत करा. सरसकट सल्ला मी देत नाही, पण कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी शब्दांत शिकून ऐन परीक्षेत मराठी निवडणाऱ्या मुलांची फसगत मी पाहिली आहे. "प्रवर्तन" वाचून ते इंडक्शन आहे हे कळेपर्यंत वीस सेकंद जातात.

वेळापत्रक कोकणच्या कॅलेंडरवर बसवा

पुण्या-लातूरच्या मुलांचं वेळापत्रक डाउनलोड करून भिंतीला चिकटवणारी मुलं दरवर्षी भेटतात. रोज दहा तास, सुट्टी नाही. इथे जुलैत लावणी असते. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या मुलाने रात्री चार तास बसावं ही अपेक्षाच चुकीची, आणि ती पाळता आली नाही की मूल वेळापत्रकच फाडून टाकतं. लावणीच्या आठ-दहा दिवसांत फक्त पत्रिका, वीस मिनिटं, बास. साखळी तुटली नाही हेच खूप.

पावसात लाइट जाते, कधी दोन-दोन दिवस. मोबाइलवरच्या व्हिडिओंवर सगळा अभ्यास टांगलेला असेल तर तो पहिल्या वादळात बुडतो. म्हणून मे महिन्यातच तालुक्याला जाऊन जुने पेपर छापून आणा, शंभर-दीडशे रुपये जातील. चार्जिंगचा दिवा घ्या. घरात जागा नसेल तर वाचनालय शोधा. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. गावचं वाचनालय छोटं असेल, पण पंखा, टेबल आणि शांतता मिळते.

गणपतीत अभ्यास होत नाही हे मान्य करून टाका. मुंबईहून पाहुणे, आरत्या, रात्री भजनं, आणि माजघरात पाय ठेवायला जागा नाही. दीड, पाच, सात, अकरा, घरचा गणपती जितके दिवस असेल तितके कागदावर आधीच सुट्टी म्हणून लिहा. लिहून घेतलेल्या सुट्टीचं ओझं होत नाही. फक्त पहाटे, पाहुणे उठायच्या आधी, एक तास. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं तो धडा आधीच ठरवून पान दुमडून ठेवा, नाहीतर दोन दिवसांच्या सुट्टीचे आठ दिवस होतात.

दिवाळीच्या सुट्टीत, भातकापणी उरकली की, पहिला पूर्ण सराव पेपर द्या. पोर्शन अर्धाच झाला असला तरी. घड्याळ लावून, सलग तीन तास, मध्ये चहा नाही. आकडा वाईट येणार आहे, तो भिंतीवर लावा.

अकरावीचं काय, हा प्रश्न येतोच. 200 पैकी साधारण 40 मार्क म्हणजे थोडे नव्हेत. पण अख्खी अकरावी परत करू नका. यादीतले धडे घ्या, ऑगस्टपासून दर रविवारी एक, पुस्तक मिटूनच.

जानेवारीपासून प्रिलिम, प्रॅक्टिकल, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. या दिवसांत सीईटीचा वेगळा अभ्यास बाजूला ठेवा, पण पत्रिका आणि चुकांची वही थांबवायची नाही. बोर्डाची सिद्धता पाठ करताना प्रत्येक सिद्धतेवर "यातून एका ओळीचा प्रश्न काय निघेल?" असं विचारून दोन पत्रिका करा, म्हणजे एका श्रमात दोन कामं. शिमगा नेमका याच सुमाराला पडतो. पालखी घरी येणार, ढोल वाजणार, आणि मूल खोलीत कोंडून घेणार. नका कोंडू. पालखीचं दर्शन घ्या, तासभर नाचा, आणि रात्रीचं जागरण तेवढं टाळा. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. पेपरच्या आदल्या रात्रीची चार तासांची झोप मोडून जे वाचाल, ते सकाळी आठवणारही नाही.

बोर्ड संपल्यावरचे आठवडे सोन्याचे, आणि नेमका तेव्हा आंबा. काढणी, निवडणी, पेट्या भरणं, घरात प्रत्येक हात लागतो. पालकांशी आधीच बोला: सकाळी सात ते बारा अभ्यास, दुपारनंतर पेट्या. बहुतेक आई-वडील ऐकतात, फक्त त्यांना शिमग्याच्या आधी सांगावं लागतं. या दिवसांत एक दिवसाआड पूर्ण पेपर, मधल्या दिवशी त्याची चिरफाड. नवीन धडा आता शिकायचा नाही.

पेपर सोडवण्याचा क्रम

हे मी मुलांना आंब्याच्याच भाषेत सांगतो. झाडाखाली गेल्यावर आधी हाताला लागणारे आंबे काढायचे, मग झेल्याने येणारे, आणि वेळ उरला तर चढून. पहिल्याच प्रश्नाला झाडावर चढणारा मुलगा खालचे सगळे आंबे दुसऱ्यासाठी सोडतो.

पहिल्या 90 मिनिटांत केमिस्ट्री आधी घ्या असं माझं मत, केमिस्ट्रीवाले सर हसतील. तिथे आठवलं तर वीस सेकंदांत उत्तर, नाही आठवलं तर पुढे. 35 मिनिटांत 50 प्रश्न बघून होतात आणि फिजिक्सच्या गणितांना 55 मिनिटं मिळतात. दोन्ही विषयांत पहिल्या फेरीला फक्त हाताला लागणारे, बाकीच्यांना खूण. दुसऱ्या फेरीत खुणेचे. शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी टिक करण्यासाठी, कारण इथे मार्क कापत नाहीत. तरी दरवर्षी कोणीतरी दहा प्रश्न कोरे सोडून येतं आणि सांगतं, "सर, खात्री नव्हती."

नीटला हिशेब वेगळा. डोळे मिटून चार ठोकले आणि एक लागला तर 4 मिळाले, 3 गेले, हाती 1. त्यासाठी जीव धोक्यात घालू नये. पण चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल, तर जरूर टिक करा.

माउसची सवय ही आमच्याकडची खास अडचण. मुलं मोबाइलवर वाढलेली, माउस हातात धरलेला नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा गावातल्या सेवा केंद्रात चार-पाच सराव चाचण्या द्या. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नमुना चाचणी असते. पडद्यावर बघायचं, कागदावर सोडवायचं आणि परत पडद्यावर टिक करायची, यात आकडे उतरवताना चुका होतात. त्या घरी करून संपवायच्या.

केंद्र आणि कागद

केंद्र लांब पडलं तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. महर्षी कर्वे सतराच्या आसपास असताना मुरुडहून चालत कुंभार्ली घाटाने साताऱ्याला परीक्षेला गेले होते, भर पावसात. पोचल्यावर त्यांना सांगितलं गेलं, तू लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. आता कोणी चेहऱ्यावरून वय ठरवत नाही, पण हॉलतिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नसेल तर गेटवरची घालमेल तीच. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख फॉर्म भरतानाच दोघांनी मिळून तपासा.

आणि एक काम अभ्यासाचं नाही, पण त्यापायी चांगल्या पर्सेंटाईलची जागा हातची गेलेली मी पाहिली आहे. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर हे प्रवेशाच्या वेळी मागतात, आणि पडताळणीला वेळ लागतो. अधिवासाचा दाखलाही लागू शकतो. अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच करा. एक प्लॅस्टिकची फाइल घ्या, मूळ कागद आणि तीन-तीन झेरॉक्स घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवा, पावसाची ओल येणार नाही अशा जागी. आणि तहसीलला खेपा घालायला बाबांना जूनमध्येच सांगा. एकदा मोहोर धरला की ते बागेतून हलत नाहीत.